मास्टर चार्ट कोण मागणार?

"संपादक म्हणजे फौजदार नव्हे," सर म्हणाले आणि हातातलं पत्र त्यांनी टेबलावर पालथं ठेवलं.

पत्र एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आलं होतं. भूलशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी लिहिलेलं, अत्यंत सभ्य भाषेत आणि अत्यंत रागात. त्यांच्या विभागातल्या एका लेक्चररचा पेपर जर्नलकडे आला होता. सिझेरियनसाठी स्पायनल भूल दिल्यावर बाईला जी हुडहुडी भरते ती दोन औषधांपैकी कुठल्यानं लवकर थांबते, याची शंभर रुग्णांवरची ट्रायल. दोन्ही रिव्ह्यूअरनी पेपर चांगला म्हटला होता. तरीही जर्नलकडून ईमेल गेली होती, की शंभरही रुग्णांचा मास्टर चार्ट, म्हणजे रुग्णवार नोंदींचा तक्ता, एक्सेलमध्ये पाठवावा. आपला आमच्यावर विश्वास नाही असं समजायचं का, असा प्रमुखांचा सवाल होता.

ईमेल तिनं पाठवली होती, सरांना न विचारता.

या दोघांना इथं नावं दिलेली नाहीत. मुंबई-पुण्याकडच्या कुठल्याही कॉलेजातून निघणाऱ्या जर्नलच्या खोलीत असे दोघं कल्पिता येतात. सर मेडिसिनचे निवृत्त प्राध्यापक, बिनपगारी संपादक. ती पीएसएममध्ये, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्रात, असोसिएट प्रोफेसर, एमबीबीएसला सरांच्या हाताखालून गेलेली, आता जर्नलचं संख्याशास्त्र सांभाळणारी. पेपर पाठवणाऱ्याचं बोलणं खरं धरून चालायचं की पडताळून घ्यायचं, हा दोघांमधला जुना वाद होता. त्या पत्रानं त्याला निमित्त मिळालं.

"अगं, लिहिणारा खरं बोलतोय हे गृहीत धरूनच हा सगळा व्यवहार चालतो," सर म्हणाले. "रिव्ह्यूअर ओपीडी उरकून रात्री फुकटात वाचतात. पद्धत बरोबर आहे का, एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, बाईची संमती नीट घेतली का, काढलेला निष्कर्ष आकड्यांतून खरंच निघतो का, हे आपण बघायचं. आकडेच बनावट आहेत का, हे बघणं त्यांच्या कॉलेजचं आणि युनिव्हर्सिटीचं काम. ज्याच्याकडे केस पेपर आहेत त्यानं केस पेपर तपासावेत."

"आणि त्यांनी तपासले नाहीत तर?"

"तर तो त्यांचा दोष."

"दोष त्यांचा, पण छापलं आपण. आपलं वाचून उद्या कुणीतरी ते औषध सिरिंजमध्ये भरणार."

मग तिनं जॉन कार्लाइलचे आकडे मांडले. कार्लाइल हा इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या हॉस्पिटलातला भूलतज्ज्ञ. फावल्या वेळात छापील टेबलांतले आकडे निसर्गात इतके नीटनेटके येतात का, याचा हिशेब करत बसणारा. जपानच्या योशिताका फुजी यांचे पेपर २०१२ मध्ये त्यानं असेच पकडले. पुढे त्या एका माणसाचे पावणेदोनशेच्या आसपास पेपर मागे घ्यावे लागले. नंतर 'अ‍ॅनास्थेशिया' या जर्नलचा संपादक म्हणून कार्लाइलनं फेब्रुवारी २०१७ ते मार्च २०२० या काळात आलेल्या ५२६ ट्रायल्स तपासल्या. त्यातल्या १५३ जणांकडून रुग्णवार तक्ते मिळाले, उरलेल्या ३७३ जणांचं नेहमीसारखं नुसतं छापील टेबल. तक्ते मिळाले तिथं ४४ टक्क्यांमध्ये त्याला खोटे आकडे दिसले. नुसत्या टेबलांत २ टक्के.

"म्हणजे नुसतं टेबल बघणारा संपादक आंधळा असतो," ती म्हणाली. "आणि आपले दोन्ही रिव्ह्यूअर टेबलच बघत होते."

सर हसले. आकड्यांना घाबरणारा माणूस नव्हता तो. "ते १५३ कुठून आले ते पण सांग. आधी ज्यांचा संशय आला त्यांचे तक्ते मागवले. मग ठरावीक देशांतून येणाऱ्या ट्रायल्सचे मागवले. चोर असतील तिथंच जाळं टाकलं आणि मग म्हणालात, बघा केवढे चोर सापडले. शिवाय खोटं ठरवणारा एकटा कार्लाइल. कुणाची चौकशी समिती नाही, कुणाची उलटतपासणी नाही. आणि ठरावीक देश म्हणजे इंग्लंड नव्हे, एवढं तुलाही कळतं."

हे उत्तर टाळण्यासारखं नव्हतं, आणि तिनंही टाळलं नाही. निवड झाली होती हे तिला मान्य होतं. पण निम्मे जरी वगळले तरी उरतात ते कमी नाहीत, असं तिचं म्हणणं.

मुरादाबादची गोष्ट सरांनीच काढली. बहुधा स्वतःच्या बाजूनं.

डॉ. राम बी. सिंग हे उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचे. १९९२ मध्ये 'बीएमजे' या जर्नलमध्ये त्यांचा पेपर आला. हार्ट अटॅक नुकताच येऊन गेलेल्यांनी फळं, भाज्या, सुका मेवा, धान्यं, मासे यांचा आहार घेतला तर पुढचे मृत्यू कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष. भारतातून एवढी मोठी आहाराची ट्रायल क्वचितच येई, त्यामुळे ती गाजली. पुढे सिंग यांचे आणखी पेपर येऊ लागले तेव्हा संपादकांना शंका आली. त्यांनी त्यातल्या एका पेपरच्या मूळ नोंदी मागवल्या आणि संख्याशास्त्रज्ञ स्टीफन इव्हान्स यांच्याकडे दिल्या. आकडे एक तर बनवलेले आहेत किंवा फिरवलेले, असं त्यांचं मत पडलं. मग १९९२ च्या पेपरच्या नोंदींची विचारणा झाली. उत्तर आलं, की त्या वाळवीनं खाल्ल्या.

परदेशातल्या लेखांत या वाळवीवर बरंच हसू झालंय. आपल्याकडची रेकॉर्ड रूम आतून पाहिलेला माणूस मात्र हसता हसता जरा थबकतो. कपाटाच्या तळाचे केस पेपर पिठासारखे हातात येतात, हे काही अशक्य नाही.

"संपादकानं मागायचं ते मागितलं," सर म्हणाले. "तज्ज्ञाला दाखवलं. तेव्हाचे संपादक रिचर्ड स्मिथ यांनी भारतातली एखादी संस्था चौकशी करते का तेही पाहिलं. कुणी पुढे आलं नाही. खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या माणसाला विचारणार कोण? आता सांग, लंडनमध्ये बसलेल्या संपादकानं मुरादाबादला जाऊन पंचनामा करायचा होता का?"

"पंचनामा नको. पण तोंड तर उघडायचं. सर, तारखा बघा. पेपर १९९२ चा. शंका नव्वदीच्या दशकातच आली. वाचकांना 'या पेपरबद्दल आम्हाला शंका आहे' असं सांगायला २००५ चा जुलै उजाडला. मधल्या काळात लोक तो पेपर संदर्भ म्हणून देतच होते. आणि त्याहून वाईट म्हणजे २००२ मध्ये त्याच लेखकाची हजार रुग्णांची दुसरी आहाराची ट्रायल 'लॅन्सेट'नं छापली. एकाच शहरात दोन संपादक. एकाच्या टेबलाच्या खणात फाइल, दुसऱ्याच्या टेबलावर नवा पेपर."

"सिद्ध काहीच झालं नव्हतं."

"सिद्ध करायला कुणी बसलंच नाही, म्हणून झालं नाही. तुम्ही म्हणता, तपासणं संस्थेचं काम. इथं संस्थाच नव्हती. मग काम कुणाचं?"

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग जे बोलले त्यानं वादाची दिशाच बदलली. या लेखकाच्या मते त्या दिवशी त्या खोलीत झालेल्या बोलण्यातलं सगळ्यात वजनदार तेच होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मुरादाबादच्या डॉक्टरकडे मूळ नोंदी मागितल्या. जिल्ह्याच्या कॉलेजातल्या लेक्चररकडे तू मागितल्यास. मर्ककडे कुणी मागितल्या होत्या?"

व्हायॉक्सबद्दल ते बोलत होते. मर्क कंपनीची सांधेदुखीवरची गोळी. तिची आठ हजारांवर रुग्णांची ट्रायल नोव्हेंबर २००० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'नं छापली. पोटातला रक्तस्राव जुन्या गोळीपेक्षा कमी होतो, हा मुख्य मुद्दा. व्हायॉक्स घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक जास्त दिसत होते. त्याचा खुलासा असा केला होता, की तुलनेतली जुनी गोळीच हृदयाचं रक्षण करत असावी. छापील हिशेबात व्हायॉक्सच्या गटात हार्ट अटॅक १७ होते. प्रत्यक्षात होते २०. कंपनीचं म्हणणं असं, की ते तीन हृदयाच्या घटना मोजायची ठरलेली तारीख उलटल्यावरचे. पोटाच्या तक्रारी मात्र त्यानंतरही मोजल्या जात होत्या. दोन तारखा वेगळ्या आहेत हे पेपरात नव्हतं. पेपर छापून येण्याआधी चारेक महिने लेखकांपैकी किमान दोघांना ते तीन रुग्ण ठाऊक होते, असं जर्नलनंच नंतर म्हटलं.

"म्हटलं कधी?" सरांनी विचारलं आणि उत्तरही दिलं. "डिसेंबर २००५. औषध बाजारातून गेलं सप्टेंबर २००४ मध्ये. आणि ते पुरते आकडे अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या बैठकीत २००१ च्या फेब्रुवारीतच उघड झाले होते. जगातल्या सगळ्यात दबदब्याच्या जर्नलच्या संपादकाला ते वाचायला पावणेपाच वर्षं लागली. मधल्या काळात त्या पेपरच्या नऊ लाखांवर छापील प्रती विकल्या. घेणारी बहुतेक मर्कच. कंपनीचे एमआर त्या प्रती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवत फिरले. प्रतींचे पैसे कुणाला मिळाले?"

"जर्नलला."

"मग? 'लॅन्सेट'च्या उत्पन्नातले ४१ टक्के एका वर्षी अशा प्रतींच्या विक्रीतून आले होते. 'बीएमजे'चे ३ टक्के. बाकीच्या बड्या जर्नलांपैकी काहींनी आकडा द्यायचंच नाकारलं. लेखकानं कंपनीकडून मिळालेलं पेन जाहीर करायचं, आणि जर्नलनं लाखो डॉलरची ऑर्डर झाकून ठेवायची. तुझा मास्टर चार्ट मला चालेल गं. पण संशय पाण्यासारखा नेहमी उताराकडेच जातो. त्याला चढ चढवता येत असेल तर सांग."

जर्नल चालवणाऱ्या संस्थेविरुद्ध जाणाऱ्या संपादकाचं काय होतं, तेही त्यांनी जाता जाता ऐकवलं. 'जामा'चे जॉर्ज लुंडबर्ग जानेवारी १९९९ मध्ये पदावरून गेले. क्लिंटन यांच्यावरचा महाभियोग ऐन भरात असताना विद्यार्थी 'सेक्स' कशाला म्हणतात याची पाहणी त्यांनी छापली, हे निमित्त. 'न्यू इंग्लंड'चे जेरोम कॅसिरर त्याच वर्षी गेले. जर्नलचं नाव मालकांनी दुसऱ्या धंद्यांना लावण्यावरून त्यांचं वाजलं होतं. कॅनडाच्या मेडिकल असोसिएशनच्या जर्नलचे जॉन होई २००६ मध्ये. आपल्याकडे काढून टाकत नाहीत. पुढच्या टर्मला दुसरा नेमतात आणि निरोपाला शाल देतात.

ती थोडी चिडली. चिडण्याचं कारण असं, की सरांशी ती सहमत होती. "पण सर, यातून माझाच मुद्दा निघतो. संशय येईल त्याला विचारायचं असं ठेवलं तर आपण धाकट्यालाच विचारणार. म्हणून संशय नकोच, नियम हवा. प्रत्येक ट्रायलबरोबर रुग्णवार तक्ता. एम्स असो, कंपनी असो, तुमचे बॅचमेट असोत. सगळ्यांना मागितल्यावर अपमान कुणाचा?"

नियमानं काम होतं याचा पुरावा तिच्याकडे होता. ट्रायल सुरू होण्याआधी नोंदवली नसेल तर छापणार नाही, असं मोठ्या जर्नलांच्या संपादकांनी २००४ मध्ये मिळून जाहीर केलं आणि २००५ पासून पाळायला घेतलं. तोवर नको असलेल्या निकालाची ट्रायल कपाटात घालून टाकणं सोपं होतं. नोंदणीमुळे निदान ती होती हे तरी कळू लागलं. २००७ मध्ये आपल्याकडे आयसीएमआरनं सीटीआरआय ही ट्रायल्सची नोंदणी सुरू केली. २००८ मध्ये भारतातल्या काही जर्नलांच्या संपादकांनी एकत्र निवेदन काढलं आणि २००९ मध्ये औषध नियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली. सुरुवात संपादकांनी केली, सरकार मागून आलं.

"तक्त्यांच्या बाबतीत मात्र त्याच मंडळींचा धीर सुटला," तिनंच पुढे सांगितलं. जुलै २०१८ पासून लेखकानं मूळ आकडे इतरांना देणार की नाही एवढं लिहायचं. 'देणार नाही' हेही उत्तर चालतं.

त्याची किंमत दोन वर्षांत दिसली. २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट'मध्ये कोविडच्या ९६,०३२ रुग्णांचा पेपर आला. सहा खंडांतली ६७१ हॉस्पिटलं, सगळे आकडे सर्जिस्फिअर नावाच्या एका कंपनीचे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विननं मृत्यू वाढतात, असा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या ट्रायलमधला त्या औषधाचा भाग तीन दिवसांत थांबवला. भारतात त्या वेळी आयसीएमआरच्या सल्ल्यावरून डॉक्टर आणि नर्स त्याच गोळ्या घेत होते. पेपरात ऑस्ट्रेलियातले मृत्यू ७३ दाखवले होते. त्या तारखेपर्यंत त्या देशाचा सरकारी आकडा होता ६७. हे ताडून पाहायला संख्याशास्त्र लागत नाही, वर्तमानपत्र पुरतं. मूळ आकडे कंपनीच्या मालकाशिवाय एकाही सहलेखकानं पाहिलेले नव्हते. बाहेरच्या तपासनिसांनी मागितल्यावर कंपनीनं ते दिले नाहीत. ४ जूनला पेपर मागे घेतला गेला.

"तेरा दिवस," सर म्हणाले. "१९९२ ते २००५ पेक्षा बरं."

याच सुमारास लॅपटॉपवर ईमेल आली. लेक्चररनं प्रमुखांच्या रागाकडे दुर्लक्ष करून फाइल पाठवली होती. वादातला एक पक्ष आता शंभर ओळींच्या रूपात समोर होता.

मास्टर चार्ट म्हणजे ज्यांनी एमडीचा थिसिस केलाय त्यांच्या डोळ्यांसमोर लगेच येणारी गोष्ट. अनुक्रमांक, आयपी नंबर, वय, वजन, ऑपरेशनला लागलेला वेळ. मग पाच-पाच मिनिटांनी घेतलेली नाडी, बीपी, तापमान, हुडहुडीची श्रेणी आणि ती थांबायला लागलेली मिनिटं. तिनं आधी बीपीच्या रकान्यावर बोट ठेवलं. बहुतेक आकडे शून्यावर संपत होते. ११०, १२०, १००.

"मॉनिटर ११७ दाखवतो, १२३ दाखवतो. सगळं शून्यावर कसं?"

"तू थिएटरमध्ये किती वर्षांत गेली नाहीस?" सर म्हणाले. "एका हातात सिरिंज, समोर बाळ बाहेर येतंय, आणि चार्टवर लिहायचं असतं. ११७ चं १२० होतं. हा माणूस तिथं होता याचीच ती खूण आहे. बनवणारा शून्यं घालत नाही. तो ११७ लिहितो."

हे तिच्या सॉफ्टवेअरला ठाऊक नव्हतं. तिनं ते मान्य केलं आणि रकाने वेगळ्या क्रमानं लावले. मग दोघंही थोडं पुढे झुकले. १७ ते २४ या आठ ओळी ७१ ते ७८ मध्ये जशाच्या तशा होत्या. नाडी, बीपी, तापमान, मिनिटं, सगळं. वजनंसुद्धा तीच. वयं एखाद-दुसऱ्या वर्षानं बदललेली, आयपी नंबर वेगळे. पहिल्या आठ जणी एका औषधाच्या गटात, दुसऱ्या आठ जणी दुसऱ्या.

सरांनी चष्मा काढून पुसला. "कॉपी-पेस्ट करताना चूक होऊ शकते," ते म्हणाले. स्वतःला पटत नसलेलं वाक्य माणूस जसं म्हणतो तसं.

"चुकून झालं असतं तर वयंही तीच राहिली असती."

"बरोबर." आणि मग लगेच, "पण आता तुझी चूक बघ. हे आयपी नंबर. शंभर बायकांचे नोंदणी क्रमांक, वयं, ऑपरेशनच्या तारखा तुझ्या लॅपटॉपवर येऊन पडल्यात. त्यांनी ट्रायलला संमती दिली होती, परेलच्या की पुण्याच्या कुठल्या जर्नलला ओळख द्यायला नाही. ईमेलमध्ये तू 'ओळख काढून पाठवा' असं लिहिलं होतंस?"

लिहिलं नव्हतं. नियम करणं सोपं, त्याचा मसुदा करताना बुद्धी लागते, हे सरांनी बोलून दाखवलं नाही. तिनं आयपी नंबरचा रकाना तिथल्या तिथं काढला आणि मूळ ईमेल पुसून टाकली.

पुढे काय करायचं, यावर दोघांचं आश्चर्यकारकरीत्या लवकर जमलं. ब्रिटनमधल्या संपादकांनी १९९७ मध्ये स्थापलेल्या 'कोप' या संस्थेचा रिवाज असा, की आधी लेखकाला विचारायचं, आरोपाची भाषा न वापरता. उत्तर पटलं नाही तर त्याच्या संस्थेला कळवायचं. पेपर नुसता 'रिजेक्ट' करून हात झटकायचे नाहीत, कारण तोच पेपर आठवड्याभरात दुसऱ्या जर्नलकडे जातो. अडचण पहिल्या पायरीवर नव्हती, दुसऱ्या पायरीवर होती. पेपरवरचं दुसरं नाव विभागप्रमुखांचं होतं. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलनं बढतीसाठी पेपर सक्तीचे केले, आणि २०१५ च्या परिपत्रकात पहिल्या दोन नावांनाच गुण ठेवले. पुढे ती अट सैल झाली, पण दुसऱ्या जागेवर साहेबांचं नाव घालायची सवय राहिली. संस्थेला विचारायचं म्हणजे त्यांनाच विचारायचं.

"डीनना लिहू," सर म्हणाले. "प्रमुखांना प्रत नाही."

"आणि लेक्चररला?"

"त्याला आधी. वेगळं. त्या पोरानं फाइल पाठवली, हे विसरू नकोस. ज्यानं आठ ओळी चिकटवल्या तो हाच, असं कशावरून? मास्टर चार्ट रेसिडेंट भरतात. कधी कधी बाहेर पैसे देऊनही भरून घेतात." तिनं त्या अर्थाचं पत्र तिथंच लिहिलं. वाद पुढे सरकला.

तो सरकला अशा ठिकाणी जिथं दोघांनाही अवघड होतं. समजा हा पेपर छापून झाल्यावर हे कळलं असतं तर?

तिनं उदाहरण दिलं ते मुंबईचंच. 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' १९९३ पासून निघतं. वैद्यकीय व्यवसायातली कमिशनबाजी, औषधांच्या चाचण्या, संमतीच्या नावाखाली चालणारी फसवणूक, यांवर बोलायला ज्या काळी कुणी धजत नव्हतं त्या काळी काही डॉक्टरांनी स्वतःच्या हिमतीवर काढलेलं. त्याच जर्नलनं एप्रिल २०१८ मध्ये स्वीडनमधला गर्भाशयमुखाचा कर्करोग वाढण्याचा संबंध एचपीव्ही लशीशी असू शकतो, असं सुचवणारा लेख छापला. लेखकाचं नाव लार्स अँडरसन, संस्था कॅरोलिन्स्का. काही दिवसांत कॅरोलिन्स्कानं कळवलं की या नावाचं आमच्याकडे कुणी नाही. नाव टोपण होतं. आपल्याला त्रास होईल म्हणून लेखकानं ते घेतलं, असं त्याचं म्हणणं.

"संपादकांनी काय केलं? संस्थेचं नाव काढलं, टोपणनावाचा खुलासा छापला, आणि लेख ठेवला. आकडे सार्वजनिक आहेत, कुणीही तपासावेत, असं म्हणून. नीतिशास्त्राचं जर्नल, सर. संस्था खोटी सांगणाऱ्याचा लेख."

"महिन्याभरात मागे घेतला की."

"टीका झाल्यावर."

"टीका ऐकून मागे घेणं हा गुन्हा आहे का?" सर खरोखरच तापले. "बिनसरकारी, बिनजाहिरातीचं जर्नल. जिवाला धोका आहे म्हणणाऱ्या माणसाला नाव लपवायला देणं ही नीतीच आहे. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातेत याच लशीच्या प्रकल्पात मुलींच्या संमतीचे काय धिंडवडे निघाले, ते संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालात आहे. शंका घेणाऱ्याला दार उघडं ठेवण्याची सवय त्यातूनच येते."

"दार उघडं ठेवा. पण नाव लपवणं वेगळं आणि खोटी संस्था लिहिणं वेगळं. पहिल्यात वाचकाला ठाऊक असतं की नाव झाकलंय. दुसऱ्यात त्याला सांगितलं जातं की कॅरोलिन्स्का पाठीशी आहे. लस घ्यावी की नाही हे ठरवणारी आई तुमच्या लेखकाइतकीच तुमच्या जबाबदारीत येते."

इथं हे लिहिणाऱ्याचा कौल तिच्या बाजूनं. लेखकाची भीती खरी असली तरी ती वाचकाच्या खर्चानं शमवता येत नाही. मात्र सरांचं दुसरं म्हणणंही खोडता येत नाही. त्या जर्नलनं महिन्याभरात जे केलं ते 'लॅन्सेट'ला अँड्र्यू वेकफिल्डच्या बाबतीत करायला बारा वर्षं लागली. बारा मुलांवरचा तो पेपर फेब्रुवारी १९९८ चा. एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध त्यानं सुचवला, आणि ब्रिटनमध्ये लसीकरण घसरलं. लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाशी वेकफिल्डचा आर्थिक संबंध होता, हे २००४ मध्ये ब्रायन डियर या पत्रकारानं बाहेर काढलं. तेरापैकी दहा लेखकांनी त्या निष्कर्षातून अंग काढून घेतलं. संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी तरीही पेपर पुरता मागे घेतला नाही. तो गेला फेब्रुवारी २०१० मध्ये, ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलचा निकाल लागल्यावर.

"हॉर्टननी संस्थेच्या निकालाची वाट पाहिली," ती म्हणाली. "तुमच्याच तत्त्वानं."

"हो," सर म्हणाले. "आणि तिथं माझं तत्त्व कमी पडलं. पण तुझं तत्त्व पुढे नेलं तर ते कुठे थांबतं? आजपासून येणाऱ्या ट्रायल्सचे तक्ते मागणार. छापलेल्यांचं काय? पॅरोक्सेटिन हे नैराश्याचं औषध किशोरवयीन मुलांत चालतं असा २००१ चा पेपर होता. २०१५ मध्ये दुसऱ्या गटानं तेच आकडे पुन्हा मोजले, 'बीएमजे'त छापले, आणि औषध ना उपयोगाचं ना सुरक्षित असं निघालं. त्यानंतरही कित्येक वर्षं मूळ जर्नलनं पेपर मागे घेतला नाही. आपल्या जुन्या अंकांत किती ट्रायल्स असतील?"

याचा विचार तिनं केला नव्हता, पण उत्तर द्यायला तिला वेळ लागला नाही. जर्नलमधल्या बऱ्याच ट्रायल्स थिसिसमधून आलेल्या असतात. थिसिस कॉलेजच्या लायब्ररीत बांधून ठेवलेला असतो आणि मास्टर चार्ट त्याच्या शेवटी जोडलेला असतो. लेखकाला ईमेल न करताही कुणीतरी जाऊन पेपर आणि थिसिस शेजारी ठेवून बघू शकतं.

"वाळवी लागली नसेल तर," सर म्हणाले.

"एका वर्षाच्या अंकांपासून सुरू करू. सगळ्या ट्रायल्सच्या लेखकांना पत्रं, कुठलंही कॉलेज न वगळता."

"मोठ्या हॉस्पिटलांच्या आधी घे."

"त्यातल्या दोन तुमच्या मित्रांच्या आहेत, सर."

"म्हणूनच त्या पत्रांवर सही माझी नको. तू कर."

"संपादक तुम्ही. त्यांना असोसिएट एडिटरचं पत्र गेलं तर ते तुम्हालाच फोन करतील."

"फोन घेणार नाही."

"घ्याल."

शेवटी असं ठरलं, की त्या दोन पत्रांवर तिची सही आणि उरलेल्या सगळ्यांवर सरांची. प्रत्येक पत्रात एक ओळ वाढवायची, की रुग्णांची ओळख काढूनच तक्ता पाठवावा. पत्रं कुठल्या वर्षापासून, हे पुढच्या बैठकीत. सरांचा आग्रह त्यांनी स्वतः संपादकपद घेतलं त्या पहिल्या वर्षापासून होता. तिचं म्हणणं, इतक्या जुन्या थिसिसचे चार्ट कुणाकडे मिळतील?